अहो, नाव राहिलं

"सर, हे फ्रेमवर्क तुम्हाला लग्नात आहेर म्हणून मिळालं होतं का?" टीमलीड ऋतुजाने विचारलं आणि मीटिंगमध्ये हशा पिकला. गुळवेही हसले. पाणीपट्टीची वेबसाइट त्यांनी वीस वर्षांपूर्वी जावाच्या ज्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कोडच्या ज्या तयार सांगाड्यावर बांधली, ते टाकायचं की ठेवायचं, हे आज ठरणार होतं.

तासभर गुळवे तावातावाने बोलले. फ्रेमवर्कच्या नव्या आवृत्त्या अजून येतात, वेबसाइट वर्षानुवर्षं न कुरकुरता चालते, सगळं सांगून झालं. आपण फ्रेमवर्कची बाजू मांडतोय की स्वतःची, असं त्यांचं त्यांनाच वाटून गेलं. फरक इतकाच की फ्रेमवर्कचे गुडघे दुखत नव्हते.

शेवटी ऋतुजाने हात टेकले. "बरं, ठेवू. फक्त फॉर्म चुकला की येणारे मेसेज तेवढे बदलते. 'अहो, नाव राहिलं.' 'अहो, पिनकोड सहा आकडी असतो.' कोणी लिहिलेत हो हे?"

गुळवे म्हणाले, "बायकोने. मी घरी फॉर्म तपासायचो आणि दर वेळी काहीतरी भरायला विसरायचो. ती मागून ओरडायची, ते तसंच टाइप केलं. ती गेल्यापासून कोणी ओरडत नाही, म्हणून रोज सकाळी इथे येऊन मुद्दाम रिकामा फॉर्म पाठवतो."

कोणीच हसलं नाही, म्हणून ते स्वतःच हसले. "फ्रेमवर्क टाक हवं तर. तेवढं 'अहो' राहू दे."