घामाची पारख

सराव संपला की प्रत्येक बॉक्सरनं हाताला गुंडाळलेल्या पट्ट्या दारातल्या तारेवर टाकायच्या, हा मोहिते सरांचा नियम. त्या किती भिजल्यात हे ओझरतं बघून सर मेहनत जोखायचे.

संघात हेवीवेटची जागा एकच होती आणि दावेदार दोन. ऋतुराजच्या पट्ट्या रोज ओल्याचिंब असायच्या. समाधान बाजार समितीत हमाली करायचा. सर यायच्या आत, पहाटेच सराव उरकतो म्हणायचा. पण त्याच्या पट्ट्या कायम कोरड्या ठणठणीत! तरी रिंगमध्ये त्याच्या एका ठोशात समोरचा आडवा व्हायचा. सरांच्या मनात पाल चुकचुकली. पोरगं इंजेक्शनं तर टोचून घेत नाही ना?

"देवाची देणगी आहे त्याला, सर," ऋतुराज म्हणायचा. "आम्हाला घाम गाळावा लागतो."

शेवटी सरांनी ऋतुराजचं नाव निवड समितीला कळवलं आणि कौतुकानं त्याची पट्टी हातात घेतली. तिला घामाचा वासच नव्हता. शंका आली म्हणून त्यांनी जीभ लावून पाहिली. नळाचं पाणी!

मग त्यांनी समाधानची पट्टी उचलली. ती पापडासारखी कडक होती, वाळलेल्या मिठानं पांढरी पडलेली.

खिशातला फोन वाजला. निवड समितीचा निरोप होता : "नाव मिळालं. आता बदल नाही."