चासीची चीर

पिकअपची कॅबिन आणि मागचा हौदा यांच्यामधल्या फटीत खालच्या बाजूला मामांचं एक बोट जेमतेम शिरलं. वरच्या बाजूला अख्खा तळहात गेला. मामांनी हात बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि ते गाडीखाली सरकले.

भाचा शेजारी उभा होता. तिशी ओलांडलेला, दोन लेकींचा बाप. पण मामांच्या गॅरेजात आला की मास्तरांनी बोलावल्यासारखा अवघडून उभा राहायचा. मामांनीच त्याला लहानाचा मोठा केला, गाडी शिकवली आणि ही पिकअपही त्यांनीच पारखून घेऊन दिली. उद्या सकाळी त्याला फरशांची खेप पोचवायची होती. हौदा जरा मागे कललाय, वेल्डिंगचा एक टाका मारून द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

मामांनी वायर ब्रशने चिखल खरवडला आणि टॉर्च मारला. चीर दिसली. चासीच्या, म्हणजे अख्खी गाडी पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या, वरच्या कडेला सुरू होऊन ती निम्म्यापर्यंत खाली उतरली होती. तिच्या कडा गंजल्या होत्या, म्हणजे दुखणं आजचं नव्हतं. पलीकडच्या बाजूलाही तशीच दुसरी. असल्या ठिकाणी टाका मारला की लोखंड टाक्याच्या शेजारी फाटतं, हे मामांनी शंभरदा पाहिलं होतं. भर रस्त्यात गाडीचे दोन तुकडे झाले असते. रोज शाळेला जाताना दोन्ही पोरी याच कॅबिनमध्ये बापाशेजारी बसायच्या.

मामांना भीती वाटली की ती रागाच्या वाटेनंच बाहेर यायची.

"किल्ली आण इकडे," ते खालून निघता निघता गरजले. "ही गाडी आता इथून हलायची नाही. चासी गेलीये!"

"मामा, उद्याची खेप—"

"खड्ड्यात गेली तुझी खेप! टनाची गाडी आणि त्यात दोन-दोन टन फरशी? घरात लेकरं आहेत याचं तरी भान ठेवायचंस. तुला शिकवलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी!"

भाच्याने किल्ली मामांच्या हातावर ठेवली. गाडीवर घर चालत होतं, तरी त्याने आणखी हुज्जत घातली नाही. मामांनी नाही म्हटलं की नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.

"मी बघूनच भरायचो, मामा," तो हळूच म्हणाला.

"काय बघून? कपाळ?"

"पाटे." त्याने मागच्या चाकावरच्या पोलादी पाट्यांकडे बोट दाखवलं. कमानीसारखे वाकलेले, एकावर एक बसवलेले. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. चुकलेलं गणित पुन्हा करून बघावं तसा तो बोलत होता. "भार वाढला की पाटे सरळ होतात, ते सरळ झाले की वर एक फरशीसुद्धा चढवायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी दरवेळी वाकून बघतो. पण घरची गाडी म्हणून तुम्ही दोन पाटे जास्तीचे घालून दिलेत ना, तेव्हापासून दोन टन भरले तरी ते एकदाही सरळ झाले नाहीत."