ढोल थांबला

चार दिवस वीज नव्हती. सरकारने दिलेलं गवत कापायचं बॅटरीवरचं यंत्र बंद पडून होतं आणि काजूच्या बागेत वाळलेलं गवत कमरेला लागत होतं. वणव्याचे दिवस तोंडावर आले होते. शेवटी यशोदाने माळ्यावरून बंदी घातलेला पेट्रोलचा ग्रासकटर काढला.

टेकडीवरचा खांब इंजिनाचा आवाज ऐकून तालुक्याला कळवायचा. त्यावर वाडीने तोड काढली होती: मशीन सुरू झालं की देवळात ढोल बडवायचा. खांबाला मग काही उमगत नसे. आज ढोलावर तिचा धाकटा दीर गोपाळ होता.

"वहिनी, बिनघोर कापा. मी आहे ना!"

अर्धी बाग झाली आणि ढोल थांबला. ती मशीन बंद करेपर्यंत उशीर झाला होता. थोड्याच वेळात तालुक्याहून जप्ती पथकाची जीप आली आणि मशीन घेऊन गेली. वर्षातून एका वाडीत एकच फेरी, हा पथकाचा शिरस्ता सगळ्यांना ठाऊक होता.

यशोदा तणतणत देवळात गेली. ढोल खुंटीवर नीट टांगलेला होता. खालून, गोपाळच्या बागेतून, मशीनचा आवाज येत होता; राजरोस, ढोलाशिवाय.

तिला कुंपणाशी पाहून त्याने मशीन थांबवलं.

"तुमचं अर्धं राहिलं ना वहिनी? माझं झालं की हे घेऊन जा. आता काय, वर्षभर भीती नाही."