तिकडे परवडतं

छापखान्यातला मशीनवाला घर बघायला दारात उभा राहिला, तेव्हा भिंतीला खोकी लागली होती आणि फ्रिजदुरुस्तीची कामं करणारा भाडेकरू गुंडाळलेल्या गादीवर घाम पुसत बसला होता.

"या, बघून घ्या. उद्या आमचा टेम्पो येतोय," भाडेकरू सरकून जागा करत म्हणाला. "कुठून आलात?"

मशीनवाल्यानं आपल्या शहराचं नाव सांगितलं.

"काय सांगता! आम्ही तिकडेच चाललोय."

"तिकडे? कशाला?"

"इथे परवडत नाही हो. तुम्ही?"

"मी... तिकडे परवडत नाही म्हणून इकडे."

दोघंही खो खो हसले. मग भाडेकरूचं हसू आधी थांबलं.

"पण तिकडे भाडं निम्मं आहे."

"आहे की. पण पाणी एक दिवसाआड. टँकरचे पैसे वेगळे. आणि कामाला जायला दोन बस." मशीनवाला गादीच्या कडेवर टेकला. "इथे पगार तरी बरा देतायत."

"देतात ना! मग शाळा, सोसायटी, लिफ्ट असं करत काढूनही घेतात. तुम्हाला कोणी सांगितलं इथे परवडेल म्हणून?"

"मेव्हण्यानं."

"तो इथे राहतो?"

"नाही. मोबाइलवर दोन्ही शहरांची तुलना करून दाखवली त्यानं." मशीनवाला ओशाळला. "आणि तुम्हाला?"

"साडूनं," भाडेकरू खाली बघत म्हणाला. "मोबाइलवरच."

मशीनवाला राजीनामा देऊन आला होता. भाडेकरूनं तिकडच्या घराचं डिपॉझिट भरलं होतं. दोघांनी ते एकमेकांना सांगून टाकलं, पण त्यानं गुंता काही सुटेना.

तेवढ्यात मशीनवाल्याचा फोन वाजला. बायकोचा होता.

"कसंय घर?"

"घर चांगलंय गं. पण हे लोक आपल्याकडे राहायला चाललेत."

"आपल्या घरी?"

"घरी नाही, आपल्या शहरात. स्वस्त आहे म्हणून."



"मग आपण कुठे चाललोय?" तिनं विचारलं.

मशीनवाल्यानं फोन कानापासून लांब धरला. भाडेकरूची बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "द्या इकडे, भाऊ. मी बोलते वहिनींशी," म्हणत तिनं फोन घेतला आणि आत गेली.

"हो... हो... अगं बाई! आणि दूध?... नाही हो, आमचं नेमकं उलटं..." मग तिचा आवाज बारीक झाला.

"काय म्हणतायत?" मशीनवाल्यानं विचारलं.

"कळत नाहीये."

दोघं कान देऊन बसून राहिले. बऱ्याच वेळानं आतून चिकटपट्टीचा चर्र आवाज आला. खोकं बंद होतंय की उघडतंय, ते दोघांपैकी एकालाही सांगता येईना.