सांभाळून

“आधी तुम्ही बोला,” बाई म्हणाल्या.

“छे, छे. आधी तुम्ही,” नाना म्हणाले आणि आधीच लागलेला तबला हातोडीने पुन्हा ठोकू लागले.

मेकअपच्या खोलीचं दार बाईंनी स्वतः लावून घेतलं होतं. तंबोऱ्यावर बसणाऱ्या शिष्येला आणि पेटीवाल्याला चहा प्यायला पिटाळलं होतं. बाहेर सभागृह भरत होतं. रविवार सकाळची मैफल. बाईंचं गाणं आणि नानांचा तबला. पस्तीसेक वर्षं हे असंच चालत आलेलं. तिकीट काढणारे बाईंचं नाव वाचायचे, साथीला कोण, हे कुणी विचारायचंसुद्धा नाही.

नानांना जे बोलायचं होतं ते त्यांनी आठवडाभर घोळवलं होतं. बायकोसमोर म्हणूनही पाहिलं होतं. “एवढंच म्हणा, पुढचं भाषण नको,” असं तिने बजावलं होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी याच रंगमंचावर, भर जलद लयीत, बाईंनी एक तान अर्ध्यावर सोडून दिली. लोकांना पत्ता लागला नाही. नानांना लागला. बाईंचा दम कमी पडतोय, ही गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली. तेव्हापासून ते बाईंना सांभाळून घेत होते. लय जरा चढायला लागली की अलगद मागे ओढायचे, कुणाला कळू न देता. एका तरुण सतारवाल्याने त्यांना लांबच्या दौऱ्यावर बोलावलं, तर नानांनी कंबर धरल्याचं सांगून नकार दिला. आपण गेलो आणि बाईंच्या साथीला एखादा नवा गडी बसला तर तो त्यांची दमछाक करून सोडेल, ही धास्ती. पण गेल्या मैफलीत मध्यंतराला दोन माणसं त्यांच्या पाठीमागे बोलत होती. “छान झालं हो. पण डोळा लागला जरा.” नाना घरी गेले ते न जेवता झोपले.

त्यांनी हातोडी खाली ठेवली.

“बाई, मला वाटतं, आता मानाने थांबावं.”

बाईंनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. “सुटले बाई! अहो, दोन वर्षं हेच सांगायचंय तुम्हाला. जीभच रेटत नव्हती.”

नानांना गलबलून आलं. “फार सोसलंत तुम्ही.”

“मी कसलं सोसतेय? सोसलंत तुम्ही. तसल्या हाताने वाजवायचं म्हणजे खायचं काम आहे का?”

“कसल्या हाताने?”

“आता माझ्यापासून काय लपवता? त्या दिवशी तुमची बोटं अडखळली, डग्गा मागे पडला. लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी चटकन तान सोडली. तेव्हापासून गातेय आपली हळूहळू. माझ्या सगळ्या जलद चिजा माळ्यावर टाकल्या मी. लोक फर्माईश करतात, मी घसा बसल्याचं सांगते. पेपरवाले लिहितात, बाई चिंतनशील झाल्या!”

नानांनी तबला बाजूला सारला.

“बाई, तुम्ही तान सोडलीत म्हणून माझी बोटं अडखळली!”

“तुमची बोटं अडखळली म्हणून मी तान सोडली!”

“माझ्या हाताला काहीही झालेलं नाही.”

“मग माझ्या दमाला काय धाड भरलीय?”

दोघंही लालबुंद झाले होते. दारावर टकटक झाली. बाई ताडकन उठल्या. “चला,” त्या म्हणाल्या, “आज दाखवतेच तुम्हाला.”

“दाखवा,” नाना म्हणाले आणि डग्गा काखेत मारला.

सुरुवातीची संथ चीज बाईंनी लवकरच आटोपली. मग नानांकडे न बघता एकदम जलद चीज धरली. मागच्या रांगांमध्ये पाठी टेकून बसलेली माणसं पुढे सरकली. नानांनी लय पकडली, आणि या वेळी ओढून धरली नाही. बाईंनी चढवली, त्यांनी चढवली, बाईंनी आणखी चढवली. पेटीवाला घाबरून एकदा नानांकडे, एकदा बाईंकडे बघत होता. बाई गाता गाता हसत होत्या. नानांच्या कपाळावरचे केस उडत होते. दोघांनाही वाटत होतं, कसली ही दोन वर्षं वाया घालवली आपण!

आणि एका लांबलचक तानेत, समेच्या अगदी तोंडाशी, बाईंचा श्वास संपला. त्याच क्षणी नानांचं डावं मनगट आखडलं आणि डग्गा मुका झाला. आधी कोण थांबलं, हे या वेळी दोघांनाही सांगता आलं नसतं. श्रोत्यांना वाटलं, ठरवूनच केलंय. त्यांनी मनापासून दाद दिली.

पेटीवाल्याने प्रसंग ओळखून सूर भरत ठेवला. टाळ्यांच्या आडून बाई नानांकडे झुकल्या.

“हात?”

“दगड झालाय. दम?”

“केव्हाच गेला.”

“मग? थांबायचं?”

बाईंनी पदराने ओठांवरचा घाम टिपला. “थांबतंय कोण?”

त्यांनी मांडीवर हलकेच टाळी देऊन लय खाली आणली. नानांनी उजव्या हाताने ठेका धरला, डावा जमेल तसा टेकवत राहिले. आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ते दोघं, एकमेकांवर कसलेही उपकार न करता, हळू गाऊ-वाजवू लागले.