पुसट चेहरा

"चेहरा पुसट करीन, आवाजही बदलीन. तुला कोणी ओळखणार नाही," असा शब्द फुलचूरच्या रुचिकाताईंनी दिला, म्हणून शामकला त्यांच्या माहितीपटात नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलली. पण ताई तो माहितीपट तिच्याच गावच्या समाजमंदिरात दाखवतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिचा नवरा इंद्रकुमार इतर पुरुषांसोबत पुढे खुर्चीवर बसला होता. ती मागे, बायकांमध्ये सतरंजीवर होती.

"काऊन वं, थरथरून राहिली? ताप आला का?" शेजारच्या मंजूनं विचारलं.

"पंख्याची हवा लागून राहिली."

"पंखा तं बंद हाये."

तेवढ्यात पडद्यावर एक पुसट चेहरा आला आणि घोगऱ्या, परक्या आवाजात बोलू लागला. "तो तोंडावर कधीच नाही मारत. पदराखाली झाकल्या जाते, तिथंच मारते. मंग बाहेर जाऊन चारचौघांत हासते."

चेहरा झाकला, आवाज बदलला, पण ही गोष्ट तर शामकलेच्या घरातलीच होती. ती ऐकल्यावर इंद्रकुमारला आणखी काय ओळखायचं राहिलं?

पुढच्या रांगेत त्याची मान हळूहळू मागे वळली. त्याचे डोळे बायकांमधून तिला शोधत आले आणि तिच्यावर थांबले. तिनं दाराकडे पाहिलं. दार खुर्च्यांच्या पलीकडे होतं.

आणि मग तिला खुर्च्या दिसल्या.



एकूण एक पुरुष मागे वळला होता, आणि जो तो आपापल्या बायकोकडे रोखून पाहत होता.