घोड्याचं घर

मुलींच्या बुद्धिबळ कोडी स्पर्धेत माझ्या मोनाचा पहिला नंबर एका गुणाने हुकला. मी भांडायच्या तयारीनेच पंचांकडे गेलो. त्यांनी तिची उत्तरपत्रिका समोर ठेवली.

"पहले सही लिखा था बच्ची ने. फिर खुद ही काट दिया."

सातवं कोडं. प्यादं शेवटच्या ओळीत घोड्याच्या घरात पोचतं, त्याचा वजीर केला की मात. मोनाने 'वजीर' लिहून त्यावर रेघ मारली होती आणि शेजारी 'घोडा' लिहिलं होतं.

मी कामाला आहे त्या प्लांटच्या रेस्ट रूममध्ये आम्ही कामगार वीस वर्षं तसंच खेळतो. घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं घोडाच होतं. स्पर्धेत हवं ते मोहरं घेता येतं, असं नेहरू नगरच्या बुद्धिबळ क्लासमधले सर गेल्या महिन्यात म्हणाले, तेव्हा मोनासमोरच मी त्यांना झापलं होतं, "मले नका शिकवू सर. तुमी शाळेत होते तवापासून खेळून राहिलो मी."

मरोद्याला घरी पोचलो तर फोनवर निकाल कळलेली तिची आई दारातच उभी.

"पहिला नंबर कावून गेला वो?"

मी काही बोलायच्या आत मोना म्हणाली, "सातवं कोडं मले आलंच नाही, आई."

"आता! तुमी तर सारं शिकवलं होतं न हिले?"

"शिकवलं होतं," मी म्हणालो. चपला काढायला मी खाली वाकलो.

मोनाने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"हो आई, बाबानं शिकवलं होतं. मीच विसरली."